खाली कुर्सी, भरी कुर्सी

मतपत्रिकेवर दोनच चित्रं.
एक खुर्ची, तिच्यावर माणूस.
एक खुर्ची, तिच्यावर कुणी नाही.
इंदुरापासून छत्तीस किलोमीटरवरच्या आमच्या कसब्यात
नगरपरिषदेच्या अध्यक्षाला परत बोलवायचं की नाही
ते एवढ्यावर ठरतं.

पक्षाची भूमिका मी लिहिते.
पक्ष म्हणजे नगर सुधार मोर्चा,
म्हणजे बन्सीलाल पाटीदारांच्या खतांच्या दुकानावरची खोली,
जिन्यापासूनच युरियाचा वास,
आणि पाठीवर 'रामेश्वर टेंट' लिहिलेल्या चाळीस खुर्च्या.
त्या खोलीत घरी मराठी बोलणारी मी एकटीच,
पण हिंदीत माझी मात्रा चुकत नाही,
म्हणून अठरा वर्षं हे काम माझ्याकडे.

पोटनिवडणूक, प्रभाग चार : कछवायांना पाठिंबा.
प्रभाग नऊ : कुणालाच नाही,
कारण एक उमेदवार सचिवांचा साडू आणि दुसरा भाचा.
पाणीपट्टीवाढ : सविचार विरोध.
'सविचार' मी घातला. कुणी विचारलं नाही.

मग ललिताबाई राठौर.
बन्सीलालजी म्हणाले, 'खाली कुर्सी. लिखिए.'
तीन वर्षांपूर्वी, याच टेबलावर,
मी लिहिलं होतं : सुशिक्षित, सेवाभावी, नगर की बहू.
तेव्हाही ते 'लिखिए' एवढंच म्हणाले होते.

मी एका दाखल्यासाठी तीनदा गेले होते नगरपरिषदेत.
खुर्चीवर टॉवेल,
टॉवेलावर महेंद्रसिंग, तिचे यजमान.
ती शेजारी लाल प्लास्टिकच्या स्टुलावर,
पदर भुवयांपर्यंत.
त्यांनी बोट ठेवलं की तिथं सही.
आता ही खुर्ची भरलेली म्हणायची की रिकामी?
याचं चित्र काढायचं कुणाला सुचलेलं नाही.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
अकरा दिवस.
पहिल्या दिवशी ती स्टुलावरच बसली, सवयीनं.
दुसऱ्या दिवशी टॉवेलाची घडी केली,
स्टुलावर ठेवली,
आणि प्रभाग सातच्या नाल्याची फाईल मागवली.
पहिल्या पानापासून वाचली म्हणे.
'प्राक्कलन' म्हणजे काय, हे बाबूला विचारलं,
सगळ्यांसमोर.

त्याच आठवड्यात सह्या जमल्या. पंधरापैकी बारा पार्षद.
नाल्याचा ठेका कुणाचा, ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.
कुणीतरी पंखा वाढवला.

मसुद्यात मी एक वाक्य घातलं होतं :
अध्यक्षाच्या खुर्चीवर अध्यक्षच बसावा.
सचिवांनी चष्मा वर केला.
'ये हटा दीजिए, भाभीजी,
आगे अपने को भी दिक्कत होगी.'
हटवलं. चार हजार प्रती.

मतदान तिसरीच्या वर्गात,
भिंतीवर सतराचा पाढा अर्धाच.
मी भरलेल्या खुर्चीचं बटण दाबलं,
माझ्याच पत्रकाविरुद्ध.
शुद्धलेखनाची चूक दिसावी
आणि मुद्दाम तशीच सोडावी, तसं काहीसं वाटलं.

खाली कुर्सी सहाशे नऊ मतांनी जिंकली.
ललिताबाई आता दिसतात कधी गिरणीवर,
डबा खाली ठेवून उभ्या.
बोलावं असं दरवेळी मनात येतं,
पण मी रांगेत पुढे सरकते.

परवा पुन्हा बैठक.
अध्यक्षपदाची उमेदवार : हेमलता, बन्सीलालजींची सून.
'सुशिक्षित, सेवाभावी… बाकी आपको याद ही है.'
मी पेनाला टोपण लावलं.
म्हटलं, तिला वर बोलवा,
तिलाच विचारून लिहिते.

बराच वेळ कुणी हललं नाही.
मग कुणीतरी जिन्यातून हाक मारली.
ती आली, हात ओल्या कणकेचे,
दारातच थांबली.
चाळीसही खुर्च्या भरलेल्या होत्या.
मी उठले.